शाळेची इमारत, आतला कांदा

मी लिहावं इतकं मला कळतं असं नाही. आमच्या घरातून कॉलेजला आलेला मी पहिलाच. चुकलं तर माफ करा.

सगळे मिळून भरतात त्या ऑनलाइन नकाशावर मी आमची वस्ती भरत होतो. वस्तीची शाळा बंद झाली, पण इमारत उभी आहे. आत फळ्याच्या निम्म्यापर्यंत कांद्याचा ढीग, वर अजून पाढे दिसतात. माझी धाकटी बहीण संगी ओढ्यापलीकडच्या शाळेत चालत जायची. मुलांना न्यायला गाडी मिळावी म्हणून वस्तीनं तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात अर्ज केला होता. नाही मिळाली तर वडील तिला घरी बसवणार होते.

मी लिहिलं: इमारत शाळेची, वापर कांदा साठवायला.

नकाशा भरणाऱ्या आमच्या कॉलेजच्या गटातला सिनियर हसला. "उद्या देवळाबाहेर चपला दिसल्या तर चपलांचं दुकान लिहिशील का रे? शाळेची इमारत म्हणजे शाळा. सगळीकडे एकसारखं पाहिजे."

"बरं, दादा," म्हणालो आणि बदललं. लगेच तिथं शाळेचं छोटं चिन्ह उमटलं, शहरातल्या शाळांना असतं तसंच. मी ते बराच वेळ बघत बसलो. ज्यांच्या शाळेत शाळाच भरते, त्यांना इमारत आणि आतलं काम वेगळं लिहावं लागत नाही. आमच्याकडे दवाखान्यालाही भिंती आहेत, नळालाही तोटी आहे. नकाशात आम्हाला काहीच कमी नाही.

परवा शेवटी आईचा फोन आला. "अर्ज परत आला. साहेब म्हणले, नकाशात तुमच्या वस्तीवर शाळा हाय की. संगी आता घरीच हाय."