साठ इंचांची शाळा

टेलरबाईच्या हातून गावातल्या शाळेचे किती गणवेश शिवून गेले, याचा तिलाही पत्ता नव्हता. दरवर्षी सगळ्यांत आधी ती शिवायची तो चिमणीचा. चिमणी तिची एकुलती एक लेक. पाय लुळे, हात थरथरणारे, बोलणं जड; डोकं मात्र तल्लख. रोज सकाळी कडक इस्त्रीचा गणवेश घालून ती आईच्या मशीनशेजारी खुर्चीत बसायची आणि शाळा सुटायच्या वेळेला कपडे बदलायची. मधल्या वेळात शाळा कुठे असायची, ते विचारू नका.

टेलरबाईच्या थोरल्या भावाचे पायही लहानपणी तापात गेले होते. वडिलांनी त्याला खांद्यावर बसवून याच शाळेत नेलं, तर तेव्हाच्या हेडमास्तरांनी फाटकातूनच हात जोडले. "असल्या मुलांचं नाव आमच्या पटावर बसत नाही." तेव्हा त्यांना जाब विचारणारा कायदाही नव्हता. भाऊ जन्मभर काजं-बटणं करत राहिला. कुठे सहीची वेळ आली की अंगठा पुढे करायचा आणि मान खाली घालायचा. ती खाली गेलेली मान टेलरबाईच्या मनातून कधी गेली नाही.

पुढे कायदा आला. आठवीपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेने नाही म्हणायचं नाही. सहा वर्षांच्या चिमणीला कडेवर घेऊन टेलरबाई गेली, तर नवे हेडमास्तर साखरेहून गोड. बसायला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिलं.

"नाव घातलं म्हणून समजा, ताई. पण वर्ग वरच्या मजल्यावर, हिला रोज उचलणार कोण? त्यापेक्षा विशेष शिक्षिका दर आठवड्याला तुमच्या घरी येतील. त्या आल्या होत्या म्हणून महिन्याच्या कागदावर तुम्ही सही करायची, एवढंच. आणि मधे तुम्ही काही शिकवायला जाऊ नका हं. चुकीचं वळण लागलं की मोडत नाही."

पटावर लेकीचं नाव बघून टेलरबाईचे डोळे भरून आले. वळणाची गोष्टही तिला पटली. चुकीची शिवण उसवताना कापडाचं काय होतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

शिक्षिका आल्या. आठ वर्षांत दोनदा. त्या बिचारीच्या एकटीच्या माथी अशी साठ-सत्तर घरं मारलेली. कागद घेऊन शिपाई मात्र महिन्याच्या महिन्याला हजर.

"अहो, पण बाई आल्याच नाहीत," टेलरबाई पहिल्यांदा म्हणाली.

"सही नसली तर नाव कमी होतं, मावशी."

तिने सही केली. त्यानंतर तिने कधी विचारलंच नाही.

चिमणी शिकली ती आईच्या गळ्यातल्या टेपवरून. आई मापं मोठ्याने म्हणायची, ही लोंबत्या टोकावर बोट फिरवायची. आईला वाटायचं, पोर खेळतेय.

चिमणीला चौदावं संपलं आणि शिपायाने शेवटचा कागद आणला. आठवी उत्तीर्ण. टेलरबाई तो घेऊन, लेकीला पाठीवर घेऊन, शिक्षणाच्या कार्यालयात गेली.

"साहेब, हिला पहिलीत बसवा. अक्षर शिकवलेलं नाही हिला कुणी."

साहेबांनी फाईल काढली. "ह्या सह्या कुणाच्या?"

"माझ्याच. नाव जाईल म्हणून केल्या."

"म्हणजे आठ वर्षं तुम्ही खोटं लिहून दिलंत? बाहेर बोलू नका, तुम्हीच अडकाल." ते चिडलेसुद्धा नाहीत. "कागदावर ही शिकून बाहेर पडली आहे. आता पहिलीत कुठल्या नियमाने बसवू?"

"तिला विचारून तरी बघा!" टेलरबाई ओरडलीच.

कटकट मिटावी म्हणून साहेब म्हणाले, "बरं. आकडे म्हण बाळ."

चिमणीचा चेहरा उजळला. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी शाळेतलं काही विचारत होतं. अडखळत, लाळ पुसत, एकही न गाळता ती म्हणत गेली. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"...अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ."

"पुढे?"

चिमणी आईकडे बघायला लागली.

"साठच्या पुढे काय, बाळ?"

"संपलं," चिमणी म्हणाली, अगदी खात्रीने.

साहेबांना कळलं नाही. टेलरबाईचा हात गळ्यातल्या टेपच्या टोकाकडे गेला आणि तिला उभ्या उभ्या रडू फुटलं. एकसष्ट शिकवायला तिला एक मिनिट लागलं असतं. वळण बिघडेल म्हणून तिने आठ वर्षं तोंड मिटून ठेवलं होतं.

साहेबांनी फाईल बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीने गणवेश मागितला. आईने इस्त्री करून घातला.