साडेसहाची लिंक

रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला आमची लिंक पडायची आणि सात-सव्वासातला आपोआप उभी राहायची. मधला सगळा वेळ माझा मोबाइल वाजत असायचा.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. मी चोवीस वर्षांची होते. वडील तमिळ मुलखातल्या आवडी नावाच्या गावी संरक्षण कारखान्यात होते, म्हणून माझं बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. तमिळ मला मराठीइतकंच सहज येतं. ते निवृत्त झाले आणि आई-वडील बार्शीला परत गेले. मी मागे राहिले. नेटवर्किंगची कामं घेणाऱ्या चार माणसांच्या एका फर्ममध्ये मला नोकरी होती आणि वेस्ट मांबलममधल्या लेडीज होस्टेलमध्ये एक खाट होती. एवढ्यासाठी का राहिलीस, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. खोलीत बसलं की बाहेर पडावंसं वाटे, बाहेर पडलं की कुठे जायचं ते सुचत नसे. आईचा फोन आला की मी "कामात आहे गं" म्हणून ठेवून देई आणि मग तासभर त्या न झालेल्या बोलण्यातच अडकून राही.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे रक्त तपासणारी एक लॅब. मुख्य लॅब वेस्ट मांबलममध्ये, तिमजली इमारतीत, आणि नमुने गोळा करायचं नवं केंद्र त्याच शहरात, वेलचेरीत. तिकडच्या काउंटरवर इकडचे रिपोर्ट लगेच निघावेत, अशी लॅबच्या डॉक्टरबाईंची मागणी होती. आमच्या सरांनी त्यांना कागदावर एकात एक तीन वर्तुळं काढून दाखवली होती. सर पन्नाशीचे, शांत, कपाळाला विभूती लावणारे. "हे आतलं लॅन. एका इमारतीतलं. तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंत चालते, पुढं नाही. हे बाहेरचं वॅन. गावोगावी, देशोदेशी. त्याला टेलिफोनवाल्यांची लाइन भाड्यानं घ्यावी लागते. आणि हे मधलं मॅन, एका शहरापुरतं. तुम्हाला हवं ते हे." भाड्याची लाइन महाग पडते म्हणून बाईंनी बिनतारी मॅन घेतलं. दोन गच्च्यांवर दोन खांब, प्रत्येकावर परातीएवढी एक डिश, एकमेकींकडे तोंड करून. मध्ये सहा-सात किलोमीटर हवा.

तीच वर्तुळं मी डिप्लोमाच्या परीक्षेत काढली होती. आम्ही एक चौथं, सगळ्यांत आतलंही काढायचो, माणसाच्या हाताच्या अंतरातलं: पॅन. मार्क पैकीच्या पैकी मिळाले होते. एका वर्तुळाचा दुसऱ्याला धक्का लागू शकतो, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

"रिपोर्ट परत अडकलेत," डॉक्टरबाई फोनवर म्हणायच्या. "वेलचेरीत सोळा माणसं उभी आहेत. त्यांना काय सांगू?"

आधी मी संध्याकाळच्या कमी व्होल्टेजला दोष दिला आणि स्टॅबिलायझर बसवला. मग दोन डिशच्या मध्ये, गिंडीच्या बाजूला नवी इमारत चढत होती, तिच्यावर संशय घेतला आणि एक दिवस तिथं उन्हात उभं राहून तिचे मजले मोजून आले. कनेक्टर बदलले, केबल बदलली. लिंक दिवसभर खणखणीत चालायची आणि साडेसहाला पडायची. मला जेवण जाईना. सरांनी, तमिळमध्ये मुलीला हाक मारतात तसं, विचारलं, "काय मा, नजर लागलीय का तुझ्या डिशला?" ते हसले, पण दुसऱ्या माणसाला पाठवायचं त्यांच्या मनात आहे हे मला दिसत होतं.

शेवटी मी लॅपटॉप घेऊन लॅबच्या गच्चीवरच मुक्काम केला. पडद्यावर पिंग चालू ठेवायचं, म्हणजे इथून हाक मारायची आणि वेलचेरीहून ओ येते का ते पाहायचं. सेकंदाला एक ओळ. ओ आली की ओळ हलायची, नाही आली की "टाइम्ड आउट". तीन संध्याकाळी मी त्या ओळींकडे पाहत बसले आणि काही कळलं नाही.

चौथ्या दिवशी माझ्या कानावर मराठी पडलं.

"काय करुलालास रे? खाल्लंस की?"

शेजारच्या घराची गच्ची आमच्या गच्चीला जवळजवळ चिकटून होती. मध्ये हातभर फट. तिथं साठीच्या एक बाई कॉर्डलेस फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होत्या. सुती साडी, ओल्या केसांचा छोटा अंबाडा. सूर तमिळ, पण शब्द मराठी, आणि तेही पुस्तकातल्यासारखे जुने. आवडीत आम्ही तंजावरच्या मराठी लोकांबद्दल ऐकलं होतं, पण ती भाषा मी कधी इतक्या जवळून ऐकली नव्हती. मी पडदा विसरून ऐकत राहिले. कारल्याचं पिट्लं, गुडघ्याचं तेल, कुणाच्या तरी बारशाला न जाणं. मध्येच त्या खळखळून हसल्या.

मग माझी नजर पडद्यावर गेली. बाई त्यांच्या गच्चीवरच्या टाकीकडे, म्हणजे आमच्या खांबाकडे आल्या की ओळीमागून ओळ "टाइम्ड आउट". जिन्याकडे गेल्या की एक-दोन ओ यायच्या. परत टाकीकडे, परत बंद. मी पंधरा मिनिटं त्यांची पावलं आणि ओळी ताडून पाहिल्या. त्यांनी फोन ठेवला आणि चार सेकंदांत लिंक उभी राहिली.

कॉर्डलेस इकडचा नव्हता, अमेरिकेतला होता, हे नंतर कळलं. त्याची लहर आणि आमच्या डिशची लहर एकच.

मला इतका आनंद झाला की मी जिने धडाधड उतरले आणि शेजारच्या घराची बेल वाजवली. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, उंच, इस्त्रीचा शर्ट आणि लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी. मी घाईघाईनं सगळं सांगितलं, आधी तमिळमध्ये, मग मराठीत. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या फोनानं लोकांचे रिपोर्ट अडतात?"

"हो काका. पण त्यात तुमची काही चूक नाही. मी तुम्हाला साधा वायरचा फोन आणून देते. आमच्याकडून."

"आणा," ते लगेच म्हणाले. "तो काढून टाका."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "चालेल ना, काकू?"

"बरं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "तू मराठी की ग?" आणि कॉफी आणायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मी चांगला फोन आणला आणि हॉलमध्ये काकांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसवला. टेलिफोनची तार तेवढी तिथंच आलेली होती. बाईंनी कॉर्डलेस पुसला, पंच्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. त्या संध्याकाळी साडेसहा वाजून गेले आणि माझा मोबाइल वाजला नाही. डॉक्टरबाईंनी सरांना अभिनंदनाचा फोन केला. सरांनी मला दुपारचं जेवण दिलं. दुसरा माणूस पाठवायचं आता त्यांच्या मनात नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी खांबाच्या ताणाच्या तारा आवळायला मी परत गच्चीवर गेले. संध्याकाळचीच वेळ होती. बाई त्यांच्या गच्चीवर येरझाऱ्या घालत होत्या. हात मोकळे होते.

"काकू, आज मुलाचा फोन नाही?"

"आला की. ठेवला." त्या फटीजवळ आल्या. "आता निमिषात होतं. बरी आहेस का, बरी आहे. खाल्लंस का, खाल्लं. संपलं."

"का?"

त्यांनी जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. मुलानं अमेरिकेत लग्न केलं, ते घरी आधी सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो आला, तो कॉर्डलेस घेऊन आला, आणि बापलेकांचं असं काही भांडण झालं की तेव्हापासून काका त्याच्याशी बोलत नाहीत. त्याचं नावही घेत नाहीत. "ते बाजूस बसलेले असतात. त्यांच्यापुढे सुनेचं विचारू कसं? तिचं बाळंतपण जवळ आलंय, जपतोस की रे, असं बोलू कसं?" मग त्या एकदम थांबल्या आणि अगदी खरेपणानं म्हणाल्या, "तुझं काम झालं की?"

त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. होस्टेलवर येऊन मी खाटेवर बसले, उठले, परत बसले. काका इतक्या पटकन "काढून टाका" का म्हणाले, बाईंचं "बरं" असं कोरडं का होतं, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. मी पाहिलं नव्हतं, कारण मला लिंक हवी होती.

सकाळी सरांना सांगितलं, "सर, डिश हलवायची. लिफ्टच्या खोलीच्या पलीकडे. मध्ये काँक्रीटची भिंत आली की त्या फोनाचा त्रास होणार नाही."

"चालतंय ना आता? चालत्या लिंकला हात लावायचा नाही."

"सर, त्या बाईंचा फोन..."

"मा, आपण शहराचं नेटवर्क बघायचं. घराघरातलं नाही."

मी आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हटलं, "रविवारी लॅब बंद असते. मी एकटी करते. बिघडलं तर माझ्यावर." सरांनी समोरची बिलं पुढे ओढली. या वेळी "नको" म्हणाले नाहीत.

रविवारी लॅबच्या वयस्क वॉचमननी खांब धरला आणि मी बोल्ट काढले. नवीन जागेवरून एक नारळाचं झाड आडवं येत होतं. डिश एक बोटभर फिरवली की सिग्नल जायचा. सिग्नल मायनसमध्ये मोजतात, आकडा उतरत जाईल तसा तो सुधारतो; पलीकडून कुणी ते आकडे सांगितल्याशिवाय हे जमणारं नव्हतं आणि वेलचेरीच्या गच्चीवर कुणी नव्हतं. अकरा वाजले, बारा वाजले. उन्हानं लोखंडाला हात लावता येईना. मला वाटलं, आता चालती लिंकही गेली आणि नोकरीही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. सर होते.

"वेलचेरीच्या गच्चीवर आहे. डावीकडे फिरव. हळू. मायनस अठ्ठ्याऐंशी... पंच्याऐंशी... गेला. मागे घे. आता थोडी वर. ब्याऐंशी... अठ्ठ्याहत्तर. थांब! हात काढ. श्वाससुद्धा घेऊ नकोस."

दीड वाजता बोल्ट आवळले. लिंक पहिल्यापेक्षा जराशी कमजोर, पण उभी होती.

आता शेजारचं दार. या वेळी बेल वाजवायला माझा हात लवकर उठेना.

"काका, तो कॉर्डलेस परत लावता येईल. आता त्यानं काही बिघडत नाही."

ते खुर्चीत बसले होते. वर्तमानपत्राची घडी घातली, परत उलगडली. बाई आतून बाहेर आल्या नाहीत.

"लावा," ते म्हणाले. "तिला इथं नीट ऐकू येत नव्हतं."

त्या वायरच्या फोनचा आवाज किती मोठा होता ते मी स्वतः पाहून घेतलं होतं. मी कॉर्डलेस मागितला. कपाटातून फोन आला, चार्जिंगला लागला.

तासाभरानं मी आमच्या गच्चीवरून माझ्या मोबाइलवर त्यांच्या घरी फोन केला. "काकू, वर या आणि बोलत राहा. मला पिंग बघायचंय."

त्या वर आल्या. टाकीपाशी उभ्या राहिल्या. मध्ये लिफ्टची खोली, त्यामुळे मला त्या दिसत नव्हत्या.

"काय बोलू?"

"काहीही. रोज बोलता तसं."

मग त्या म्हणाल्या, "तू सकाळपासून वर आहेस. खाल्लंस की?"

"नंतर खाईन."

"तुझी आई कुठं असते?"

"बार्शीला. लांब आहे."

"बोलतेस की तिच्याशी?"

पडद्यावर ओळी चालल्या होत्या. एक चुकली, मग पुढच्या सगळ्या आल्या. "लिंक ठीक आहे काकू," मी म्हटलं. त्यांनी प्रश्न परत विचारला नाही. "खाली ये. दही-भात आहे," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर पाऊस असला की लिंक कधीमधी पडायची, पण साडेसहाला नाही. सात-आठ महिन्यांनी लॅबनं भाड्याची लाइन घेतली आणि मी डिश उतरवायला गेले. त्या आठवड्यात मला हैदराबादची नोकरी मिळाली होती. देशोदेशीच्या लाइन्स एका हॉलमध्ये बसून पाहायच्या. बार्शीला सांगायचं अजून राहिलं होतं.

मी बोल्ट सोडवत होते तेव्हा शेजारच्या गच्चीवर पावलं वाजली. काका होते. मी त्यांना वर कधी पाहिलं नव्हतं. जिना चढून धाप लागली होती.

"हिला कुठपर्यंत दिसायचं?" त्यांनी डिशकडे बोट केलं.

"वेलचेरीपर्यंत."

"आणि अमेरिकेस?"

"त्याला समुद्राखालून केबल जाते, काका."

"आपल्या इथूनच निघते म्हणतात, किनाऱ्यावरून."

"हो."

ते कठड्याला हात टेकून पूर्वेकडे पाहत राहिले. तिकडे टाक्या, नारळ आणि जाहिरातींचे फलक एवढंच दिसत होतं.

"किती वेळ लागतो?"

"जाऊन-येऊन पाव सेकंद. थोडं इकडे-तिकडे."

"एवढाच?" ते म्हणाले. खालून बाईंनी त्यांना हाक मारली. त्यांनी "आलो" म्हटलं, पण लगेच गेले नाहीत.