पेचकस कानाला लावून

सतराव्या वर्षी आमचा ट्रॅक्टर ऑइल प्यायला लागला आणि निळा धूर सोडायला लागला. नवरा एसटीत, त्यामुळे शेती मी आणि धाकटा दीर पाहतो. दिराला नवा ट्रॅक्टर हवा होता. "वयनी, याच्या धुरानं सोयाबीनवरची अळी मरते, तेवढाच फायदा," म्हणायचा. रिसोडचा एक डीलर जुना बदल्यात घ्यायला तयार होता, पण चालत आला तरच. शनिवारपर्यंत त्याला कळवायचं होतं. पेरणीला तीन आठवडे उरले होते.

मी ट्रॅक्टर आधी शेलूबाजारला, म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांकडे नेला. दीर कुरकुरत सोबत आला. पेच सरळ होता. इंजिन उघडल्यावर आतला क्रँक, म्हणजे सगळ्या ताकदीचा मुख्य दांडा, झिजलेला निघाला, तर दुरुस्तीत अर्थ नाही आणि उघडलेलं धूड डीलरही घेणार नाही. पेरणीला मग दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत बसायचं.

"न उघडता कसं सांगान, चाचा?"

"चालू करा अन् गप राहा. दोघंबी."

चाचांनी लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बोट-बोटभर जागा बदलत ते वरून खालपर्यंत गेले. मग पेचकस माझ्या हातात दिला. "ऐका."

सतरा वर्षं मी त्या इंजिनाची एकच धडधड ऐकत आले होते. मुठीतून ती सुटी होऊन कानात आली. वर बारीक टिकटिक. तिसऱ्या सिलिंडरपाशी कोरडी खरखर, चाळणीत खडे फिरवावेत तशी. आणि अगदी खाली जाड, गोल, एकसारखं फिरणं, त्यात कुठेही खोट नाही. मी पेचकस तिथून हलवायचंच विसरले.

"तिसरा गेला," चाचा म्हणाले. "धुळीनं खाल्ला. मळणीत एअर फिल्टरचं ऑइल रोज बदलत होत्या का?"

"तीन-चार दिवसांनी."

"मंग! पण खालून ठोका नाही. क्रँक साबूत आहे."

"चाचा, तुमच्या कानात एक्स-रे आहे का?" दीर म्हणाला.

"तुले डीलर कमिशन देते का रे?"

दिरानं मला बाजूला घेतलं. "वयनी, म्हाताऱ्याच्या कानावर पेरणी लावता?"

पण आता ते मीही ऐकलं होतं. मी चाचांना म्हणाले, "खोला."

दुपारपर्यंत वरचं हेड निघालं. चाचांनी मला तिसऱ्या सिलिंडरच्या आतून नख फिरवायला लावलं. वरच्या काठाशी झिजेनं पडलेल्या पायरीला नख अडलं. बाकीच्या दोघांत सरळ घसरत गेलं. मग त्यांनी खालचं झाकण सोडवून क्रँक फडक्यानं पुसला. काळं ऑइल निघालं आणि खाली आरसा उघडा पडला. चाचांनी माप लावलं, दांडा फिरवून पुन्हा लावलं.

"कंपनीतून आला तसा आहे. एकदाबी घासला नाही."

सतरा वर्षांची नांगरट, मळण्या, भरलेल्या ट्रॉल्या, सगळ्यांचा जोर या तीन बोटं रुंद पोलादावरून गेला होता आणि त्यावर साधा ओरखडाही नव्हता. दिरानं वाकून त्यावर नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग तो बाहेर गेला आणि डीलरला त्यानं स्वतःच फोन करून नाही म्हणून सांगितलं.

तेवढ्यात अजान झाली. चाचा हात धुऊन निघाले. "मी येतो. आत धूळ जाऊ देऊ नका."

हमरस्त्यावरून ट्रक जात होते. उघड्या इंजिनावर चादरीची दोन टोकं मी धरली, दोन दिरानं. चाचा परत येईपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो.