बीबीच्या चेहऱ्याचे माप

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईचे. ती अरबस्तानच्या किनाऱ्यावर गुलाम म्हणून वाढली आणि तिला स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती. आमच्या तालुक्याच्या शाळेने माझा सत्कार केला तेव्हा मी हेच बोललो. पहिल्या रांगेत माझे जुने मुख्याध्यापक मान थोडी पुढे करून बसले होते. ते सावकाश मागे रेलले. त्यांचे उपकार मी नाकारत नाही. त्यांनी मला अर्ज लिहायला शिकवले. त्या अर्जापायीच मी बुडणार होतो, आणि या बाईने मला बाहेर काढले.

आमच्या खानदानातला मी पहिला पदवीधर. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे घर, वडील गलबतावर खलाशी. बी.ए. झालो तेव्हा अम्मीने पदवीचा कागद साऱ्या मोहल्ल्यात फिरवला. तो परत आला तेव्हा त्याच्या कोपऱ्यावर कोणाचे तरी हळदीचे बोट उमटले होते. तो कागद घेऊन मी दुबईपासून लाँचने अर्ध्या दिवसावर असलेल्या एका लहानशा बंदरात पोचलो. तेव्हा संयुक्त अरब अमिराती झाली नव्हती, किनाऱ्यावर इंग्रजांचा वचक होता, तिथे वीज नव्हती आणि बाजारात रुपयाच चालायचा. रायगडकडच्या एका कोकणी शेठचे तिथे कापडाचे दुकान होते. शेठने पदवी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "कापड मोजायचा गज धरता येतो का?"

दुकानाच्या ओट्यावर खाला शिवत बसायची. मी तिला खाला म्हणजे मावशी म्हणायचो, ती मला मुन्शी. लहानपणी तिला बलुची किनाऱ्यावरून पळवून आणून गावातल्या मोत्यांच्या व्यापाऱ्याला विकले होते. पुढे एकदा ती दोन दिवस वाळूतून चालत इंग्रजांच्या कचेरीत गेली आणि सुटकेचा कागद घेऊन आली. तो ती सुयांच्या डब्यात ठेवायची. मी आलो तोवर सगळीकडे जाहीर झाले होते की आता कोणी गुलाम नाही. गुलामगिरी खलास झाली होती. गुलाम मात्र आपापल्या जागी होते, त्यांना आता "घरचं माणूस" म्हणत.

त्या व्यापाऱ्याच्या मुलाची पहिली बायको म्हणजे थोरली बीबी. धक्का त्यांचा, गोड्या पाण्याची विहीर त्यांची, लाँच त्यांची. नवरा गावावर हुकूम चालवायचा आणि बीबी नवऱ्यावर. खालाची आणि तिची मैत्री गावभर प्रसिद्ध होती. रोज सकाळी बीबीकडून कॉफीला बोलावणे यायचे. "ही माझी सख्खी बहीण," असे बीबी पाहुण्यांना सांगायची, आणि त्या सख्ख्या बहिणीची मुलगी त्याच वेळी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत असायची. खालाला कागद मिळाला होता, पण मुलगी त्या घरात जन्मलेली, तिच्यासाठी कागद नव्हता.

या मैत्रीचे खरे कारण बुरखा. तिकडचा बुरखा म्हणजे कपाळ, नाक आणि ओठ झाकणारा मुखवटा. निळीत बुडवून, घोटून तांब्यासारखे चकचकीत केलेले त्याचे कापड मुंबईहून यायचे. प्रत्येक बाईच्या चेहऱ्याचे माप वेगळे, आणि घामाने महिन्याभरात चमक गेली की नवा शिवायचा. बीबीचा उघडा चेहरा नवऱ्याशिवाय पाहिला असेल तर तो खालाने. माप तिच्या बोटांत होते.

पासष्ट सालची लढाई सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे शेजारच्या कराचीवाल्या न्हाव्याच्या रेडिओभोवती जमायचो. दिल्लीच्या बातम्यांना तो आवाज कमी करायचा, कराचीच्या बातम्यांना शेठ खोकायचा. मी पदवीधर म्हणून दोन्ही बाजूंना लढाईची ऐतिहासिक कारणे समजावून सांगायचो. दाढी अर्धी झालेले गिऱ्हाईकसुद्धा उठून जायचे. खालाने एकच विचारले, "मुन्शी, मुंबईची आगबोट येणार का?"

"तो प्रश्न गौण आहे, खाला."

"म्हणजे येणार नाही," ती म्हणाली, आणि त्या दिवशी शिलाईच्या बदल्यात तिने शेठकडून बुरख्याचे कापड मागून घेतले. दुकानात होते नव्हते ते सगळे. शेठला वाटले, म्हातारी खुळी झाली.

त्याच आठवड्यात बीबीच्या मुलीचे लग्न ठरले. सासर दूर बहरैनला. नवरीबरोबर गालिचे जाणार होते, पितळी भांडी जाणार होती आणि खालाची मुलगी जाणार होती. खालाने हे सांगितले तेव्हा तिच्या हातातली सुई थांबली नाही. "गेली तर पुन्हा दिसायची नाही," एवढेच ती म्हणाली.

माझे रक्त तापले. शिक्षणाचा उपयोग करायची वेळ आली होती. मी रात्रभर बसून इंग्रजांच्या कचेरीला अर्ज लिहिला. मुख्याध्यापकांनी शिकवल्याप्रमाणे नम्र विनंतीने सुरुवात केली, मानवतेचा तीनदा उल्लेख केला, खाली नाव आणि त्यापुढे ठळक बी.ए. पाकिटावर लाल शाईने "अत्यंत गोपनीय" लिहिले आणि टपालात टाकले. गावाचे टपाल बीबीच्या नवऱ्याच्या लाँचने जायचे, हे मला माहीत होते. दर आठवड्याला मीच तर पिशवी नेऊन द्यायचो. पण कायद्याच्या कागदाला कोण हात लावणार, असे मला खरोखर वाटले. त्यांच्या कारकुनाने त्या दिवशी दुसरे एकही पाकीट उघडले नाही.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले. मला पडद्याच्या अलीकडे बसवले. पलीकडे बीबी आणि तिच्याजवळ खाला. पडद्याखालून माझा अर्ज सरकत बाहेर आला.

"मुन्शी, तुझी इंग्रजी फार छान आहे म्हणतात," बीबी बाजारातल्या हिंदुस्थानीत म्हणाली. "मला वाचता येत नाही. तूच वाचून दाखव. अर्थासकट."

मी वाचले. आपल्या पायांशी नम्रपणे निवेदन करतो की.

"कोणाच्या पायांशी?"

"साहेबाच्या."

"बरं. पुढे."

पुढे "एका निर्दय आणि अहंकारी स्त्रीच्या" असे शब्द होते. मी "एका मोठ्या घरातल्या स्त्रीच्या" असा अर्थ सांगितला.

"इंग्रजीत लांब वाटलं," बीबी म्हणाली. पलीकडे खाला हसली. मला तिचा राग आला.

"खलास. परवाच्या आगबोटीने याला मुंबईला पाठवा," बीबी म्हणाली.

"आगबोट कुठाय, उख्ती?" खालाचा आवाज आला. उख्ती म्हणजे माझी बहीण. "लढाई आहे. म्हणून तर सगळ्यांचे बुरखे मळलेत. तुझाही."

बीबीने विषय बदलला. "माझा नवा कधी देतेस? बहरैनच्या बायका येतील."

"कापड आहे. फक्त माझ्याकडेच आहे. पण डोळे गेले गं माझे. सुई मुलगी ओवून देते."

"ती इथेच आहे. घे ओवून."

"हा एक होईल. महिन्याने त्याची चमक जाईल. तेव्हा ती बहरैनला. मग सुई कोण ओवणार? आणि तुझं माप दुसऱ्या कोणाला द्यायचं तर त्या बाईला तुझा चेहरा दाखवावा लागेल."

पलीकडे बांगड्या वाजल्या.

"मला धमकी देतेस?"

"मैत्रिणीला कोण धमकी देतं? कॉफी घे, गार होतेय."

पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बीबी अगदी थकल्यासारखी म्हणाली, "ने तिला घरी. आजच ने."

"तोंडी नको. मुन्शी, लिही. दोन ओळी. पायांशी वगैरे काही नको."

मी लिहिले : ही मुलगी आईची आहे, तिला कोणी कुठे पाठवणार नाही. कागद पडद्याखालून आत गेला आणि बीबीच्या अंगठ्याची निळी खूण घेऊन बाहेर आला. बुरखा घालणाऱ्यांच्या बोटांनाही त्या कापडाची नीळ लागते.

"साक्षीदार म्हणून मुन्शीची सही," खाला म्हणाली. "आता याला मुंबईला पाठवता येणार नाही, उख्ती. साक्षीदार गावात लागतो."

"मूर्ख आहे तो."

"आहेच. पण अक्षर चांगलं आहे."

लग्नात बीबीचा बुरखा तांब्याच्या ताटासारखा चमकत होता. तिने बहरैनच्या बायकांना सांगितले की मी माझ्या बहिणीची मुलगी तिला परत दिली, मला आईचे दुःख पाहवत नाही. बायकांनी डोळे पुसले. दुसऱ्या सकाळी खाला नेहमीसारखी कॉफीला निघाली. मी विचारले, "अजून जायचं तिच्याकडे?"

"ती मला घाबरते, मी तिला घाबरते," खाला म्हणाली. "गावात एवढी जवळची दुसरी कोणी आहे का आम्हाला?" आणि निघता निघता तिने सुई उचलली, उन्हाकडे तोंड न करताच पहिल्या फटक्यात ओवली आणि ओढणीला टोचून ठेवली.

काही वर्षांनी कोकणात परतल्यावर मी तिला पत्र पाठवले, शेठ वाचून दाखवील म्हणून. नम्र निवेदनाचे तीन खर्डे फाडले आणि हे लिहिले :

"खाला, मी सुखरूप पोचलो. अम्मी तुम्हाला दुवा देते. इथल्या शाळेत नोकरी लागली, मुलांना अर्ज लिहायला शिकवतो. दोन ओळींचे. सोबत सुयांची पुडी आहे. नेढे फार बारीक आहे, पण तुम्हाला चालेल. बीबीसमोर मात्र मुलीकडूनच ओवून घ्या. आणि हे पत्र तिच्या लाँचने येईल, म्हणून पाकिटावर नावापत्त्याशिवाय काही लिहिलेले नाही."