हरलेल्याची खुर्ची

वरकुट्याची एसटी येईपर्यंत मी इंदापूर स्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात बसायचो. दुकान चालवणाऱ्या चाचींच्या मशीन जुन्याच होत्या. समोर नव्या मशीनचं एसी दुकान उघडलं, तरी इथली गर्दी हटली नाही.

डाव संपला की चाची ओढणीनं रिमोट पुसत आणि जिंकणाऱ्यालाच उठवत. हरलेला बसून राही. मी कायम हरायचो, त्यामुळं मला हे फार आवडायचं. एकदा न राहवून कारण विचारलं.

"जिंकलेला उद्या येतोयच. हरलेल्याला उठवलं, तर त्यो परत येत न्हाय," त्या मान ताठ करून म्हणाल्या. मग कोपऱ्यात घामाघूम होऊन खेळणाऱ्या गृहस्थांकडं त्यांनी टेबलफॅन वळवला.

"समोरच्या दुकानाचे मालक हायत. रोज हितंच हरत्यात."