फुंकरमामांची गाडी आणि गुलाबी साबण

आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. चहा असो, पोरीचा खरचटलेला गुडघा असो की गाडीचा कार्बोरेटर, हा गडी आधी गाल फुगवून फुंकर मारणार. म्हणून सगळे त्याला फुंकरमामा म्हणायचे. तोंडाला कायम पेट्रोलचा वास. बायको म्हणायची, "माझ्याशी बोलताना जवळ काडी पेटवू नका म्हणजे झालं."

तिचं आणि मामांच्या जुन्या गाडीचं पटत नव्हतं. तीस वर्षांची ती म्हातारी गेल्या आठवड्यापासून चालता चालता मध्येच खोकून बंद पडायची. शेवटी बायकोनं फर्मान काढलं, "आज आईला मावशीकडे घेऊन जा. टेकडी चढून न थांबता पोचलात तर गाडी राहील. थांबलात तर भंगारात!" आणि भंगारवाल्याला दोर घेऊन टेम्पोतून मागोमाग धाडलंसुद्धा.

मामांनी सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं आणि निघाले. बाजार संपतो न संपतो तोच गाडीनं मान टाकली.

मामांनी टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं. फुस्स! पेट्रोल काठोकाठ. मग पेट्रोलची नळी काढली, फुंकली, बसवली. गाडी सुरू.

"बघा सासूबाई, फुंकरीत जादू आहे."

"जादू असती तर थांबलीच नसती, जावईबापू."

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. झाकण, फुस्स! फिल्टर काढून असा फुंकला की मामांच्या कानातून वारा आला. गाडी सुरू. मागून भंगारवाला ओरडला, "मामा, दोनदा थांबली हं! दोर बांधू का?"

"तुझी जीभ आवर आधी!"

ऐन चढावर गाडी तिसऱ्यांदा बसली. मामांनी झाकण उघडलं, फुस्स! पण आता फुंकायला छातीत वारा उरला नव्हता. भंगारवाला दोराची गाठ मारतच आला. मामांनी वैतागून नुसतीच किल्ली फिरवली.

गाडी सुरू!

मामा खूश व्हायच्या ऐवजी दुखावले. न फुंकता सुरू झाली? मग इतका वेळ आपण गाल कशाला झिजवले? तिन्ही वेळा केलेलं एकच काम होतं, झाकण उघडणं. त्यांनी झाकण उलटंपालटं करून पाहिलं. त्याच्या मधोमध टाचणीएवढं भोक असतं. पेट्रोल खाली गेलं की तिथून टाकीत हवा येते. ती आली नाही की पेट्रोल आत अडकून बसतं. आणि त्या भोकात काहीतरी गुलाबी ठासून भरलेलं होतं. मामांनी हुंगलं. गुलाबाचा वास!

"सासूबाई, हा तर तुमचा अंगाचा साबण!"

"मग? त्या दिवशी टाकी पाझरत होती तेव्हा तुम्हीच नाही का साबण घासून बुजवली? मला झाकणाला भोक दिसलं. म्हटलं, जावईबापूंना कशाला त्रास, आपणच बुजवू. चांगला अर्धा साबण घातला."

मामांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी सासूबाईंच्या केसातली पिन मागून घेतली, भोक कोरलं, आणि सवयीनं वर एक फुंकर मारली. मग गाडी जी निघाली ती थेट मावशीच्या दारात जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात बायकोचा फोन. फोन सासूबाईंनीच घेतला.

"किती वेळा थांबली गं आई?"

"गाडी? गाडी कशाला थांबेल? मलाच मळमळत होतं. मीच तीनदा थांबवली."

भंगारवाल्यानं 'आ' वासला. सासूबाईंनी फोनवर हात ठेवला आणि पिशवीतून उरलेला अर्धा साबण बाहेर काढला.

"तुझंही भोक बुजवू का रे?"

त्यानं तोंड मिटलं, दोर गुंडाळला आणि टेम्पो वळवला.