माझ्या तोंडाचे मालक

बाबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, आणि तेही एका चणियाचोळीवरून. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, राज्य पातळीवर बॉक्सिंग खेळत होते आणि भल्याभल्या पोरींचे ठोसे खाऊन ताठ उभी राहत होते. पण सरकारी कचेरीत फायली बांधणाऱ्या त्या हाताची एक थप्पड बसली आणि मी स्वयंपाकघराच्या दारातच मटकन बसले. रिंगमध्ये हात कायम तोंडापुढे असतात, घरात कोण ठेवतं? माझं नाक आधीच मोडून वाकडं झालेलं, त्यातून रक्त यायला निमित्तच पुरायचं. आई लाटणं घेऊन धावली, माझ्यावर नाही, बाबांवर.

झालं असं होतं की रावपुऱ्यातून आमच्या गल्लीत वळण्याआधी जो चौक लागतो, तिथे त्या सकाळी माझं होर्डिंग लागलं होतं. आरशांची लाल चणियाचोळी, उघडी पाठ, हातांत बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज, आणि मान वळवून मी रस्त्याकडे बघतेय. खाली गुजरातीत लिहिलेलं: ‘ताळी पाड, नहीं तो मुक्को!’ टाळी वाजव, नाहीतर ठोसा. नवरात्र तोंडावर आली होती आणि बडोद्यात त्या दिवसांत कापडवाल्यांना दुसरं काही सुचत नाही. बाबांना ते ऑफिसला जाताना रिक्षावाल्यानं दाखवलं. “काका, आ तो तमारी बेबी!” असं तो कौतुकानंच म्हणाला असणार. बाबा ऑफिसला न जाता तसेच परत आले.

आमचे पणजोबा संस्थानच्या खजिन्यात कारकून होते. घरात मात्र त्यांच्याविषयी असं बोललं जातं, जणू दिवाणसाहेब त्यांना विचारल्याशिवाय पाणी पीत नसत. त्या पणजोबांची अब्रू मी चौकात टांगली होती. “आपल्या घराण्याचं तोंड आहे ते,” बाबा ओरडले, “बाजारात मांडायला नाही!”

“फोडून घ्यायला चालतं, मांडायला चालत नाही?” नाकाला ओढणी लावून मी म्हणाले. दुसरी थप्पड बसली नाही, कारण मध्ये लाटणं होतं.

आता कॉलेजनं मला काय काय दिलं होतं ते सांगते, म्हणजे कुणी मला कृतघ्न म्हणायला नको. खेळाडूंच्या कोट्यातून फी माफ होती. पाठीवर कॉलेजचं नाव छापलेला एक ट्रॅकसूट होता, त्यात माणूस उकडून निघायचा. सरावानंतर केळी मिळायची, आणि केळ्याच्या साली कुठे टाकायच्या यावर सूचना मिळायच्या. ग्लोव्ह्ज सगळ्यांत मिळून होते. त्यांतला कापूस एका बाजूला सरकला होता, त्यामुळे ठोसा मारला की आपलीच बोटं सोलून निघायची. बाकी अंडी, पनीर, खांद्याचा मालिशवाला, शिबिराची तिकिटं, हे सगळं आईच्या शिकवण्यांतून यायचं. ती घरी शेजारपाजारची पोरं शिकवायची आणि त्यांच्या आयांशी गोड बोलायची. गोड बोलणं तिच्या स्वभावात नाही, ते ती माझ्यासाठी करायची. मला त्याची लाज वाटायची.

म्हणून चणियाचोळीच्या दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांना अख्खा बाजार मासी म्हणतो, पेपरातला माझा फोटो बघून स्कूटरवरून मैदानावर आल्या, तेव्हा मी फार विचार केला नाही. स्टुडिओत जाऊन दिवसभर उभी राहिले. फोटो तयार झाल्यावर मासींनी मोबाईल पुढे केला. “नाक जरा सीधुं कर्युं छे बेटा, चालशे ने?” कॉम्प्युटरवर त्यांनी माझं नाक सरळ करून टाकलं होतं. मला राग यायला हवा होता. पण मी ते सरळ नाक बराच वेळ बघत राहिले, आणि मासींनी ठरलेले पैसे त्याच दिवशी हातावर ठेवले.

कॉलेजात बातमी पोचायला होर्डिंग चढायचीही गरज नव्हती. प्राचार्यांनी बोलावलं. बॉक्सिंगचे सर शेजारी उभे होते. प्राचार्य म्हणाले, विद्यार्थ्यानं खेळाचा धंदा करायचा नसतो, खेळ ही साधना आहे. मी विचारलं, तसा नियम कुठे लिहिलाय? त्यांनी पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, होर्डिंग उतरव आणि पैसे कॉलेजच्या क्रीडा निधीत जमा कर, नाहीतर विद्यापीठाच्या संघात तुझं नाव जाणार नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धा नवरात्रीनंतर लगेच होती. पहिल्या वर्षापासून मी त्या एका स्पर्धेसाठी जगत होते. माझं शेवटचं वर्ष होतं, पुढच्या वर्षी मी विद्यार्थिनीच राहणार नव्हते.

“नाही उतरवणार,” मी म्हणाले.

सरांविषयी एक सांगायला हवं. ते बडोद्याजवळच्या सावली गावचे. तरुणपणी एसटीनं रोज बडोद्याला येऊन बॉक्सिंग शिकले, राज्यासाठी खेळले, आणि त्या साऱ्यातून त्यांना या नोकरीपलीकडे काही मिळालं नाही. माझ्याआधीचा त्यांचा एक चांगला मुलगा प्रोटीन पावडरच्या जाहिरातींत गेला आणि सराव सोडून दंड फुगवत बसला. तेव्हा त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. पण त्या भीतीत जळफळाटही होता, आणि तो त्या संध्याकाळी बाहेर आला.

सरावाला आम्ही सगळे जमलो होतो. सरांनी मला रिंगमध्ये बोलावलं आणि म्हणाले, हेडगियर काढ. समोर त्यांनी आमच्याच वर्गातला एक मुलगा उभा केला, माझ्यापेक्षा कितीतरी जड. तो म्हणाला, “सर, नको ना.” सर माझ्याकडे बघून म्हणाले, “मोढुं वेच्युं ने? चाल, हवे जोईए केटलुं टके छे.” तोंड विकलंस ना, बघू आता किती टिकतं.

सुरुवातीला तो मुलगा नुसते हात लावत होता. सर दोऱ्यांबाहेरून ओरडले की असंच खेळायचं असेल तर तुझंही नाव कापतो. मग त्यानं मारलं. पहिला ठोसा कानावर बसला आणि आतून शिट्टी वाजायला लागली. दुसरा मी चुकवला. तिसरा भुवईवर आला, आणि कातडी फाटल्याचं मला दुखण्याआधी ऐकू आलं. डोळ्यात गरम काहीतरी उतरलं आणि अर्धं मैदान लाल झालं. कुणी थांबवलं नाही. कॉलेजच्या सोशल मीडियाचं काम बघणारा एक जण कोपऱ्यातून मोबाईलवर फोटो काढत होता, तोही थांबला नाही.

मला तेव्हा काय वाटलं ते स्पष्ट सांगते. मला वाटलं, मी या मुलाला ठार मारीन. त्याचा काही दोष नव्हता हे कळत असूनही वाटलं. तो पुढच्या ठोशासाठी कोपर उचलत होता, ती जागा मी एका डोळ्यानं पाहिली आणि उजव्या बरगडीखाली डावा हात असा घातला की तो आवाजसुद्धा न करता गुडघ्यांवर आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मी दोन्ही हात वर करून किंचाळले. जिंकल्याचं ते किंचाळणं नव्हतं. तोंडातलं गमशील्ड काढून मी सरांच्या छातीवर फेकलं, लाळ आणि रक्तासकट, आणि खाली उतरले.

टाके घालताना सरकारी इस्पितळात बाबा आले. थपडेनंतर ते माझ्याशी बोललेच नव्हते. डॉक्टर सुई ओढत होते आणि बाबा माझ्या पायाशी उभे राहून बघत होते. “कोणी?” एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सरावात लागलं. त्यांना ते पटलं नाही, पण ते खाली जाऊन औषधं घेऊन आले.

संघाच्या यादीत माझं नाव नव्हतं. माझ्या वजनगटात जिला पाठवलं, ती मुलगी पहिल्याच फेरीत हरून आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. माझं होर्डिंग नवरात्र संपेपर्यंत चौकात हसत उभं होतं. मासींच्या पैशांतून मी चांगले ग्लोव्ह्ज आणले, आणि ते घालून घरातल्या गादीला ठोसे मारत बसले. आई एकदा फक्त म्हणाली, “अगं, गादी फाटेल.” मग ती उठून दुसऱ्या खोलीत गेली.

जूनमध्ये प्रवेशाचे दिवस आले. माझी पदवी झाली होती, फक्त गुणपत्रिका आणायची होती. बाबांना त्या दिवशी सुट्टी होती. ते म्हणाले, चल, सोडतो. आम्ही स्कूटरवरून कॉलेजच्या फाटकाशी आलो आणि बाबांनी इतक्या जोरात ब्रेक मारला की माझी हनुवटी त्यांच्या पाठीवर आपटली.

फाटकावर फ्लेक्स होता, फाटकाएवढाच रुंद. त्यावर मी होते. फुटलेली भुवई, गालावरून गळ्यापर्यंत आलेलं रक्त, दोन्ही हात वर, तोंड उघडं. नाक जसं आहे तसं वाकडं. वर लिहिलं होतं की इथे विजेते घडतात, आणि खाली प्रवेशासाठी फोन नंबर. दोऱ्यांपलीकडे उभे असलेले सर अर्धे कापले गेले होते, त्यांचा फक्त कोपर राहिला होता.

तो माझा सगळ्यांत वाईट दिवस होता, आणि त्याच्याखाली उभं राहून लोक फॉर्म विकत घेत होते.

बाबांनी स्कूटर स्टँडला लावली, हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग. बाबा गुजरातीत बोलले, अगदी सभ्य, ऑफिसातलं. त्यांनी विचारलं, या फोटोसाठी माझ्या मुलीची परवानगी कुणी घेतली? प्राचार्य हसून म्हणाले, “साहेब, गौरवनी वात छे. तुमची मुलगी आमचीच आहे.” बाबांनी विचारलं, तिला याचे काही दिले का? प्राचार्यांना प्रश्नच कळला नाही. पैसे कसले? खेळ ही साधना आहे, ते पुन्हा म्हणाले.

बाबा नमस्कार करून उठले. बाहेर येऊन त्यांनी वॉचमनची खुर्ची ओढली, फाटकाला लावली, ऑफिसच्या बुटांसकट वर चढले आणि फ्लेक्सचा कोपरा धरून ओढला. फ्लेक्स फाटत नाही, चिवट असतो. मग ते त्याला लोंबकळले. माझे बाबा, ज्यांनी कधी रांग मोडली नाही, ते कॉलेजच्या फाटकावर माझ्याच गळ्याला धरून लोंबकळत होते आणि तोंडानं जे बोलत होते ते पणजोबांनी कधी ऐकलं नसेल. बांबू करकरला. सगळी चौकट त्यांच्यासकट खाली आली. चष्मा फुटला, कपाळाला खोक पडली, आणि तरी ते फ्लेक्सवर गुडघे टेकून दातांनी शिवण उसवत होते.

सर धावत आले. त्यांनी बाबांना कॉलर धरून उठवलं आणि हलवलं. दोनदा हलवलं असेल. मी हेल्मेट खाली ठेवलं, ते नीट आठवतं, आपटलं नाही, ठेवलं. मग डाव्या हाताचा हुक मारला, त्यांनीच शिकवलेला, टाचेपासून उचललेला. सर बसले. ओठ फाटला होता. खाली बसून ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे मला पुढे मारता आलं नाही.

पोलीस चौकीत आम्हाला एकाच बाकावर बसवलं. एका टोकाला प्राचार्यांचा माणूस, मग ओठाला रुमाल लावलेले सर, मग मी, मग फुटक्या चष्म्याचे बाबा. कॉलेजला बोभाटा नको होता, प्रवेशाचे दिवस होते. फौजदारांनाही जेवायला जायचं होतं. त्यांनी सुचवलं की आपसात मिटवा. कॉलेज तक्रार करणार नाही, मुलीनं सरांची माफी मागावी, फ्लेक्सची भरपाई काकांनी द्यावी.

“भरपाई देतो,” बाबा मराठीतच म्हणाले, मग सावरून गुजरातीत. “पण आधी हिचे द्या. फोटो वापरला त्याचे.”

फौजदारांनी कंटाळून कागद पुढे ओढला. “केटला?”

बाबा माझ्याकडे वळले. कपाळावरचं रक्त त्यांच्या भुवईत सुकलं होतं. “तू सांग,” ते म्हणाले. “तोंड तुझं आहे.”

मी मासींनी दिलेला आकडा सांगितला. त्याहून जास्त मागायचं मला सुचलंच नाही. फौजदार लिहायला लागले.

“थांबा,” बाबा म्हणाले, आणि फुटक्या काचेतून माझ्या भुवईकडे बघत मला विचारलं, “आणि रक्ताचे?”